वाळवलेली माती

"…मग हिला वाळू नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं, सर?"

केतकी निखाडेनं मातीची पिशवी खड्ड्याच्या काठावर ठेवली. जरा आपटलीच म्हणा ना.

मातीचे थर पाहायला खणलेल्या त्या खड्ड्यात भोयर सर उभे होते. बाहेर दिसत होतं ते फक्त डोकं आणि त्यावर गुंडाळलेला मळका पंचा. नागपूरच्या माती-सर्वेक्षणाच्या ऑफिसात त्यांना सगळे मातीबुवा म्हणत. काही जण मायेनं, बाकीचे चेष्टेनं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. तरी एखादी माती कुणाला कळेनाशी झाली की त्यांना बोलावणं जाई, आणि ते एका पिशवीनिशी हजर होत.

या वेळी केतकीनं त्यांना बोलावलं नव्हतं. वरून कुणीतरी परस्पर पाठवलं होतं. तेच तिला लागलं होतं.

"वाळू आहे म्हणतेस?"

"मी नाही म्हणत. आकडे म्हणतात. शंभरात ऐंशी भाग वाळू. तीनदा तपासली."

"तीनदा."

"हो, तीनदा."

"मग तर पक्कंच झालं," सर म्हणाले आणि सुरीनं खड्ड्याची भिंत हलक्या हातानं खरवडत राहिले.

हे बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एक डोंगर. कोण्या काळी तो आग ओकायचा. आता कैक पिढ्या गप्प होता. त्याच्याच राखेवर हे दाट जंगल उभं राहिलं होतं. जंगलाच्या पायथ्याशी चाळीस घरांची वस्ती, आणि त्या चाळीस घरांना मिळून एकच झरा.

जंगल तोडून सुपारीची बाग करायची की नाही, हे मोठ्या बेटावरच्या बैठकीत ठरणार होतं. बैठक एका कार्डासाठी अडली होती. माती कोणत्या जातीची, पाणी धरते की नाही. दोन ओळी आणि खाली सही.

ते कार्ड केतकीच्या बॅगेत भरून तयार होतं. 'वालुकामय. पाणी धरत नाही.' म्हणजे झऱ्याचं पाणी या मातीतून येत नाही; जंगल गेलं तरी त्याचं काही बिघडायचं नाही, असा त्याचा अर्थ. सही तेवढी राहिली होती. बोट तीन वाजता होती. पुढची थेट आठ दिवसांनी.

बाळंतपणाच्या रजेनंतर तिच्या नावावरचं हे पहिलं काम. रजेवरून परतली त्या दिवशी पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं होतं, "बाईंना आता थोडे दिवस सोपी माती द्या." सगळे हसले. तीही हसली. ते हसू अजून खाली उतरलं नव्हतं.

"लेक कशी आहे?" सरांनी खालून विचारलं.

"सातशे ग्रॅमनं कमी आहे."

"वजन नाही विचारलं मी. कशी आहे?"

केतकीनं पिशवीची गाठ उगाच घट्ट केली.

रेवा चौदा महिन्यांची. दवाखान्यातल्या तक्त्यावर एक रेघ होती आणि रेवा त्या रेघेच्या खाली होती. डॉक्टरबाईंनी महिन्यातून एकदा वजन करा म्हणून सांगितलं होतं. केतकी रोज करायची, कधीकधी दोनदा. निघताना सासूबाईंच्या हातात तिनं चार पानी सूचना ठेवल्या होत्या. चौथ्या पानावर अडीअडचणीचे फोन नंबर होते, त्यांत अग्निशामक दलाचाही. तो कशासाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"बरी आहे," ती म्हणाली.

"हं…"

सरांनी हात वर केला. "आण ती पिशवी."

केतकीनं पिशवी पुढे केली. तीन महिन्यांपूर्वी याच खड्ड्यातून नेलेली माती. पुरावा म्हणून परत आणली होती, तीन हजार किलोमीटर, साड्यांच्या घडीत जपून.

सरांनी चिमूटभर तळहातावर घेतली, फुंकर मारली.

"वाळवली कशी?"

"नेहमीसारखी. सावलीत, कागदावर पसरून, पंख्याखाली आठ दिवस. मग लाकडी मोगरीनं कुटली आणि चाळली. तुम्हीच शिकवलंत, सर. पहिल्याच वर्षी."

"हो… मीच."

त्या 'मीच'मध्ये काहीतरी होतं. पण केतकी त्या वेळी जिंकायच्या नादात होती.

"अन् ओली होती तेव्हा कशी होती?"

"ओली?" तिला हसूच आलं. "ओली माती कोण तपासतं, सर?"

खड्ड्याच्या काठावर नारळाची एक करवंटी पडली होती. त्यांनी तिच्यात पिशवीतली माती ओतली, आपला तांब्या उचलून केतकीच्या हाती दिला.

"पाणी पाज हिला."

एवढंच ना? केतकी बसली. ती वर्ध्याकडची, काळ्या मातीत खेळून मोठी झालेली. ती काळी उन्हाळ्यात अशी भेगाळते की घोट्यापर्यंत पाय आत जावा, आणि पाणी लागलं की फुगून पुन्हा लोण्यासारखी. वाळणं म्हणजे मातीची दुपारची झोप, असंच तिला लहानपणापासून ठाऊक होतं. हाक मारली की उठणारच.

तिनं पाणी ओतलं. ते थोडा वेळ वरच थांबलं, मग खाली उतरलं.

"झाली ओली."

"झाली?"

"पाणी घातलंय, सर. दिसतंय की तुम्हाला."

"बसू जरा. तिला वेळ देऊ."

दोघांनी मुरमुरे खाल्ले. सरांनी सोबत कांदा फोडला. झाडांवर कुठलासा पक्षी खोकल्यासारखा ओरडत होता. केतकीनं घड्याळ पाहिलं, मोबाइल पाहिला. रेंज नव्हती. ती कालही नव्हती, परवाही नव्हती, तरी पाहिला.

अर्धा तास झाला.

"आता चोळ."

तिनं करवंटीतली माती बोटांत घेतली. खरखर. दाबली, मळली, चिमटीत धरून गोळी वळायचा प्रयत्न केला. गोळी वळेना. पाणी एकीकडे, कण दुसरीकडे. नुसती ओली रेती.

"पाहिलंत?" ती म्हणाली. "वाळूच आहे."

"आहे खरी," सर म्हणाले. "आता खाली ये."

ती खड्ड्यात उतरली. आत गारवा होता. इतका वेळ तिनं वरूनच पाहिलेली भिंत आता नाकासमोर आली. वर काळाभोर थर, त्याखाली तांबूस पिवळा, आणि त्याखाली…

"हा पुन्हा काळा कसा?"

मागच्या वेळी तिनं तो पाहिला होता. कार्डावर नोंदलाही होता: 'तिसरा थर, काळपट.' कसा, ते तेव्हा विचारलं नव्हतं. कुणाला विचारणार? आणि विचारलं असतं, तर सोपी माती द्या म्हणणाऱ्यांना आयतंच मिळालं असतं.

"जुनं जंगल," सर म्हणाले.

"म्हणजे?"

"ही तेव्हाची जमीन. हिच्यावर पानं पडत होती. मग वरून राख आली, सगळं झाकलं. त्या राखेवर पुन्हा जंगल."

"आणि याच्या खाली?"

"आणखी एक."

"त्याच्याखाली?"

"माझे हात तिथवर पोचले नाहीत."

केतकीनं काळ्या थरावर हळूच बोट ठेवलं. झोपलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावं तसं. एक बारीकसं मूळ वरच्या जंगलातून निघून पिवळा थर ओलांडून या खालच्या जंगलात शिरलं होतं. ती ते पाहत राहिली…

"झेल!"

सरांनी भिंतीतून नारळाएवढं ढेकूळ कापून तिच्याकडे टाकलं होतं. तिनं दोन्ही हात आवळून धरले, दगड झेलायच्या तयारीनं, आणि ढेकूळ हातात आल्यावर हातच वर उडाले.

एवढं मोठं, आणि वजनच नाही.

असं तिला रोज होत असे. रेवाला पाळण्यातून उचलताना हात अंदाजापेक्षा पटकन वर यायचे, आणि प्रत्येक वेळी ती तिला तशीच वजनकाट्याकडे नेई.

"सर, पोकळ आहे का ही?"

"चोळून पाह्य. दमानं, अंगठ्यानं."

तिनं एक तुकडा चिमटीत धरला. आधी नुसताच भुसभुशीत दमट चुरा. काहीच होईना. तिनं जोर लावला.

"जोर नको."

ती हळू चोळू लागली. एक, दोन, तीन… आणि एकाएकी माती बोटांत विरघळली. साबणासारखी निसरडी झाली. बोटांवर पाणी आलं; खरंखुरं पाणी, मनगटाकडे ओघळणारं.

"हे कुठून आलं?" ती ओरडलीच. "मी पाणी घातलंच नाही!"

"नाही घातलं."

"मग?"

"तिच्यापाशी होतं."

तिनं चोळणं थांबवलं, तशी माती पुन्हा घट्ट झाली, जणू काही झालंच नव्हतं. तिनं दुसरा तुकडा घेतला. पुन्हा तेच. मग तिसरा. बोट, घड्याळ, सही, सगळं विसरून ती मातीचे तुकडे चोळत बसली.

चौथ्या तुकड्यावर तिचा हात थांबला.

तिला एक प्रश्नपत्रिका आठवली. चार मार्कांचा प्रश्न. 'ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मातीचे गुणधर्म लिहा.' तिनं लिहिलं होतं: वजनाला हलकी. पाणी भरपूर धरते. चोळली असता निसरडी होते. एकदा पूर्ण वाळली की पुन्हा पूर्वीसारखी ओली होत नाही.

चारपैकी चार मिळाले होते.

तिनं वर काठावरच्या करवंटीकडे पाहिलं…

"मी मारली तिला, सर."

"वाळवली."

"एकच ना?"

सर भिंतीकडे पाहत होते.

"असं आणखी कुणी केलं असेल हो?"

"मी. बावीस वर्षं." त्यांनी सुरी पंच्याला पुसली. "अन् वर शिकवलं पण."

किनाऱ्यावरून बोटीचा भोंगा वाजला. अडीच.

केतकी ताडकन उठून वर आली. बॅगेतून कार्ड काढलं, मातीच्या बोटांनीच पेन उघडलं.

"दोनच ओळी आहेत. बदलते. 'राखेपासून बनलेली. पाणी धरते.' सही करते आणि निघते. पोचेन वेळेत."

"पोचशील."

तिनं पहिली ओळ खोडली.

"कोणता थर पाणी धरतो?" सरांनी विचारलं. चौकशी केल्यासारखंच.

"सगळेच…"

"सगळे चोळून पाहिलेस?"

पेन कार्डावर टेकलेलं राहिलं. खड्ड्यात सात थर होते. तिनं चोळला होता एक.

आठ दिवस. आठ दिवसांत रेवा चालायला लागली तर? तिला ताप आला तर? आणि आपण इथे, समुद्रातल्या एका खड्ड्यात, माती चोळत. लोक काय म्हणतील ते म्हणोत. रेवा मोठी झाल्यावर काय म्हणेल? मग तिला ती चाळीस घरं दिसली. आज सकाळीच झऱ्यावर हंडा भरणाऱ्या एका बाईनं तिला हात धुवायला पाणी दिलं होतं. एक शब्द न बोलता ओंजळीत ओतलं होतं.

"सर, मी जाऊ की थांबू?"

सरांनीही वर येऊन कांद्याची सालं गोळा करून खिशात घातली.

खालून पालापाचोळा तुडवत बोटीचा तांडेल वर आला. धापा टाकत होता.

"मॅडम, चला. पाणी उतरतंय. कार्ड तयार आहे ना? बैठकीच्या साहेबांनी आठवणीनं आणायला सांगितलंय."

केतकीनं दुसरी ओळही खोडली आणि कार्ड उलटं केलं. मागच्या कोऱ्या बाजूवर भरभर लिहिलं:

'आई, मला आठ दिवस उशीर होईल. रेवाचं वजन करू नका. ती दिवसभर काय काय करते ते मात्र लिहून ठेवा. सगळं.'

तिनं खाली घरचा फोन नंबर घातला आणि कार्ड तांडेलाच्या हातात दिलं.

"बंदरावर पोचलात की या नंबरवर एवढं वाचून दाखवाल?"

"दाखवतो की. पण बैठकीचं काय? तिथे काय सांगू?"

"सांगा, माती अजून ओली आहे."

तांडेलानं एकदा तिच्याकडे, एकदा सरांकडे पाहिलं. शहाण्या माणसांच्या नादी लागू नये असा चेहरा करून तो उतरू लागला.

पालापाचोळ्याचा आवाज लांब गेला. मग भोंगा पुन्हा वाजला, दोनदा. केतकीनं डोळे मिटून घेतले. मग उघडले आणि ती पुन्हा खड्ड्यात उतरून खाली बसली, भिंतीला नाक लावून.

"शून्य ते अकरा सेंटिमीटर," ती म्हणाली. "काळी. केसासारखी मुळं खूप. वास…" तिनं हुंगलं. "वासाचा रकाना कार्डावर नाहीच, सर."

"नाही ना…"

"लिहू?"

"लिही."

तिनं वहीत लिहिलं. मग अंगठ्यानं हळू चोळायला सुरुवात केली. दुसऱ्या थराशी पोचल्यावर तिनं मान वर केली.

"सर, आठ दिवसांत हिचं नाव तरी नक्की कळेल ना?"

भोयर सरांनी काठावरची करवंटी उचलली, तिच्यातलं पाणी आणि रेती झाडाच्या बुंध्याशी ओतली, आणि ती रिकामी करवंटी खाली तिच्या हातात दिली.

"नाव तर तू येतानाच पिशवीत घेऊन आली होतीस."