नाव घेण्याच्या वशाची कहाणी

ऐका संकटामाई, तुमची कहाणी. खाडीच्या काठी एक आटपाट नगर. तिथं विसाजी नावाचा कासार होता. बायकोचं नाव येसू. कासार जन्मानं खाडीपलीकडचा, पण बारा वर्षं इथंच नांदला, गावभरच्या बायकांना बांगड्या भरल्या. मग काय झालं? दोन्ही काठच्या राजांचं युद्ध पेटलं. राजानं दवंडी पिटली, पलीकडे जन्मला तो वैरी. शिपाई आले, विसाजीला भरल्या ताटावरून उठवलं, किल्ल्यामागच्या काटेरी कुंपणात कोंडलं. ना निरोप, ना सांगावा. आत तापाची साथ आली. रोज एक गाडा बाहेर येई, वर चादर असे. येसू चादरीखालचे पाय बघी. भीतीनं तिला घास गिळेना.

शुक्रवारी कुंपणाच्या दारी चौकशी होई. येसू गेली. शिपाई म्हणाला, "कोणाची खबर हवी?"

"घरच्यांची."

"नाव सांग."

येसूनं मान खाली घातली. नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य तुटतं, असं आईनं शिकवलेलं. म्हणाली, "आमचे हे. उंच, सावळे."

"बाई, आत सगळ्यांचे 'हे'च आहेत. घरच्या माणसानं आपल्या तोंडानं नाव सांगावं, तरच हाक मारतो."

येसू परतली. बायांनो, हसू नका. तुमच्यातली कोण नवऱ्याचं नाव घेईल?

वाटेत एक म्हातारी भेटली. "बाई बाई, का रडतेस?" येसूनं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "रडू नको, वसा घे. शुक्रवारी न्हावं, उपाशी जावं, आपल्या तोंडानं नाव घ्यावं. तीन हाका होईतो हलू नये. येईल ती खबर उभ्यानं ऐकावी. पण तू भिशील, पळशील, वसा अर्ध्यात टाकशील."

"भिईन, पण टाकणार नाही."

दुसरा शुक्रवार आला. येसूनं डोळे मिटले, नाव घेतलं. शिपायानं पहिली हाक मारली. आतून काही नाही. येसूला वाटलं, मीच मारलं त्यांना! कानांवर हात ठेवून पळत सुटली. वसा मोडला.

तिसऱ्या शुक्रवारी येसू पुन्हा दारी गेली. शिपाई म्हणाला, "खबर घ्यायला कोणी थांबलं नाही, म्हणून तुझा माणूस बेवारशांत मांडला. बेवारशांचं गलबत उद्या बेटावर जातं. तिथून कोणी परत आलेलं नाही."

येसूनं हात जोडले. "संकटामाई, चुकले," म्हणाली. मग कुंपणाची काटेरी फांदी मुठीत धरली. "दादा, पुन्हा हाक मारा. विसाजी तात्याजी कासार."

पहिली हाक झाली. काही नाही. दुसरी झाली. कोणी खोकलं, तेवढंच. येसू हलली नाही. "मेले असतील तर तसं ऐकेन, पण ऐकूनच जाईन."

मग तिसरी हाक झाली. आतून बारीक आवाज आला, "ओ!"

शिपायानं बेवारशांतून नाव खोडलं. येसूला रडू आवरेना. तोच आतून विसाजीनं विचारलं, "माझं नाव कोणी दिलं?"

"मी. येसू."

बारा वर्षांत त्यानं तिच्या तोंडून आपलं नाव ऐकलंच नव्हतं. तो म्हणाला, "पुन्हा घे गं."

येसूनं घेतलं.

जशी संकटामाई तिला पावली, तशी ज्यांची ज्यांची माणसं कुंपणाआड आहेत, त्यांना पावो. त्यांच्या हाकेला ओ येवो. साठ उत्तरांची ही कहाणी पाच उत्तरांत सांगितली, ती तुम्हां-आम्हां सुफळ होवो, संपूर्ण होवो.