एका टाकीचा पल्ला

"मग त्याच्यात असं काय आहे, महाराज, जे माझ्यात नाही?"

पुरंदरने हे विचारले ते उभ्यानेच. पायांतले जोडे त्याने मठाच्या पायरीशी धड काढलेही नव्हते. एक सुलटा पडला होता, एक उलटा.

सोमगिरी महाराज ओसरीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणात?"

"आपल्याला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे. तुझ्या तोंडून येतं का, ते पाहतो."

ते नाव उच्चारायचे पुरंदरच्या जिवावर आले होते. 

"सुधन्वा."

"हं... बैस."

तो बसला नाही.

मठाची एक जुनी रीत होती. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या पहाटे, मठातल्या पादुका कृष्णेवर स्नानाला जात. पूर्वी बैलगाडीतून जात, पुढे जीपमधून जाऊ लागल्या. वाहने बदलली, रीत बदलली नाही. ज्याचे वाहन, तोच सारथी. पादुका महाराजांच्या मांडीवर, महाराज सारथ्याच्या शेजारी, आणि मागे कोणीही नाही. वर्षातून एकदाच गुरूचा असा एकांत एका शिष्याच्या वाट्याला येई. गेल्या वर्षी तो सुधन्वाला मिळाला होता. यंदाही त्यालाच मिळणार, असे मठाच्या कारभाऱ्याच्या तोंडून निसटले होते, आणि त्या दिवसापासून पुरंदरला अन्न गोड लागत नव्हते.

दोघे एका बाकावर शिकलेले. पुरंदरचा ओतकामाचा कारखाना होता, सुधन्वा हाडांचा डॉक्टर होता. एकाच दसऱ्याला दोघांनी एकाच बनावटीची मोटार घेतली. पुरंदरची तांबडी, सुधन्वाची राखाडी, एवढाच काय तो भेद. मोटार अशी की अंगठा नुसता टेकवावा आणि रस्ता धनुष्यातून सुटल्यासारखा मागे जावा.

गेल्या दत्तजयंतीला नदीवरून परतल्यावर सुधन्वाच्या मोटारीतून उतरता उतरता महाराज सहज म्हणाले होते, "याची मोटार एका टाकीत फार लांब नेते हो!"

सगळे हसले होते. पुरंदर हसला नव्हता. इतरांच्या कानावरून गेलेले ते वाक्य त्याच्या काळजात काट्यासारखे रुतले, आणि काटा कुणाला दाखवायचीही चोरी.

"यंदा मी टाकी मोजून आलोय," तो म्हणाला.

शेंगा सोलणारी बोटे थांबली.

"काय मोजून?"

"टाकी, महाराज. आधी गळ्यापर्यंत भरायची. अंतराचा आकडा शून्यावर आणायचा. मग चालवायची, आणि पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. दुसऱ्यांदा जेवढं पेट्रोल मावलं, त्यानं कापलेल्या अंतराला भागायचं. लिटरमागं पल्ला कळतो."

"आणि तो कशाला कळायला हवा?"

"आपणच म्हणाला होतात, त्याची एका टाकीत लांब नेते."

"मी म्हणालो होतो?... असेन."

पुरंदरला हे 'असेन' झोंबले. ज्या वाक्यापायी त्याने तीन ऋतू घालवले, ते बोलणाऱ्याच्या स्मरणातही नव्हते.

त्याने काय काय केले नव्हते! टाकीत हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून पंपावर तो मोटारीला खांदा लावून हलवी, तेव्हा नळी धरलेला माणूस म्हणे, "साहेब, पेट्रोल भरताय की लोणच्याची बरणी?" वजन नको म्हणून जादा चाक काढून त्याने घरी ठेवले होते. आश्विनातल्या उन्हात काचा लावून, गार हवा बंद करून तो घामाने निथळत बसे. पायाचा दाब नेमका कळावा म्हणून मोटार अनवाणी चालवी. एकदा मोकळ्या सरळ रस्त्यावर दुधाचा टेम्पो त्याला मागे टाकून गेला, जाताना चालकाने डोके बाहेर काढून मोठ्या आपुलकीने विचारले, "दादा, ढकलू का?"

हेही त्याने महाराजांना सांगितले. संतापाच्या भरात माणूस नको तेही सांगून जातो.

"मग? ढकलू दिलंस?"

"महाराज, माझी थट्टा होतेय."

"थट्टा टेम्पोवाल्यानं केली. मी चौकशी करतोय."

"एवढं करूनही माझा आकडा त्याच्या खालीच राहतो. प्रत्येक टाकीला. मोटार तीच, गाव तेच, पेट्रोल त्याच पंपाचं."

"त्याचा आकडा तुला कुणी सांगितला?"

पुरंदर अडखळला. "एका वरातीला मी त्याच्या मोटारीत शेजारी बसलो होतो... समोरच्या पडद्यावर दिसला."

"वरातीत लोक नवरदेव पाहतात."

"...त्यानं मोटारीत काहीतरी करून घेतलंय. त्याशिवाय होणारच नाही."

महाराजांनी सोललेले दाणे एका वाटीत ओतले. उरलेल्या शेंगा उपरण्याच्या ओच्यात घेतल्या आणि ते उठले.

"चल."

"कुठं?"

"तुझी मोटार पाहू. ने मला."

"पण कुठं नेऊ?"

"रोज जातोस तिथंच ने. माझ्यासाठी वाकडी वाट नको."

पुरंदरच्या तोंडावर एकदम उजेड पडला. ज्या आसनासाठी तो झुरत होता, त्या आसनावर गुरू आपण होऊन बसत होते. रोज जातो तिथे, म्हणजे कारखान्यावर. तिथे नवी भट्टी बसली होती. गुरूंच्या पायांनी तिथली जमीन पावन झाली, तर सुधन्वाकडे दाखवायला उरले काय? हाडांचे सापळे?

टेकडीवर येताना पायथ्याच्या पंपावरच त्याने टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली होती आणि आकडा शून्यावर आणला होता. मोटार टेकडी उतरू लागली तसा पडद्यावरचा पल्ला भराभर चढू लागला. उतारावर कोण पुण्यवान नसतो! पुरंदरने तो आकडा महाराजांना बोटाने दाखवला.

महाराज मांडीवरच्या शेंगा सोलत होते. पादुका जिथे असायच्या, तिथे वालाची टरफले साठत होती.

"ही पळत नाही का रे?"

"पळते की! पण मग आकडा पडतो."

"हं... घोडा बांधलास आणि चारा वाचवतोयस."

पुरंदरने ते मनावर घेतले नाही. तो भट्टीविषयी बोलू लागला. ती कुठून आणली, तिची आच किती, तिच्यात ओतलेले लोखंड कसे आरशासारखे निघते, तशी भट्टी पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाकडे कशी नाही. बोलता बोलता गाव आले. चौक आला. कारखान्याची वाट चौकातून सरळ जात होती.

"...आणि पहिला रस ओतला त्या दिवशी, महाराज, मी मुद्दाम सगळ्यांना बोलावलं होतं, पण काही माणसं अशी असतात की दुसऱ्याचं चांगलं झालेलं..."

मोटार थांबली.

पुरंदरने समोर पाहिले. पुढे दोन नारळी होत्या. नारळींच्या मध्ये पांढरे फाटक होते, फाटकाच्या आत राखाडी मोटार उभी होती.

चौकात हात केव्हा डावीकडे वळले, ते त्याला कळले नव्हते.

मोटार फाटकासमोर कुंपणाच्या भिंतीला लागून नेमकी आपल्या जागी उभी राहिली होती. तिथल्या गवतात दोन पट्टे पडले होते. रोज त्याच जागी येणाऱ्या चाकांनी गवत मारून टाकले होते. रोज संध्याकाळी कारखान्यातून निघाल्यावर पुरंदर इथे येऊन थांबे. ती मोटार आत आहे की बाहेर, धुतली आहे की नाही, दारात कुणाची नवी पादत्राणे दिसतात का, हे पाहत बसे; दिवेलागण झाली की निघून जाई. या फेऱ्याचा त्याने कधी विचारच केला नव्हता. हे कुठे जाणे आहे, असे त्याला कधी वाटलेच नव्हते.

"हाच का कारखाना?" महाराजांनी विचारले.

पुरंदर नारळींकडे पाहत होता.

"छान आहे. नारळीही आहेत."

पुरंदरचे कान तापले. मोटार वळवावी, तर आपण चुकलो असे होईल. उतरावे, तर कोणत्या तोंडाने? तो चाकावर हात ठेवून तसाच बसून राहिला. इंजिन मांजरासारखे गुरगुरत होते.

महाराज आता शेंगांकडे पाहत नव्हते. ते पडद्याकडे पाहत होते. टेकडी उतरताना मिळवलेला पल्ला तिथे एकेका दशांशाने खाली येत होता.

"पुरंदर, मोटार उभी आहे ना?"

"उभी आहे, महाराज."

"मग हा आकडा का उतरतोय?"

यंत्राविषयी कुणी विचारले, की पुरंदरचे उत्तर तयार असे. तसेच ते आताही जिभेवर आले.

"इंजिन चालू आहे ना. उभ्या मोटारीलाही इंधन लागतं..."

वाक्य पुरे झाले आणि मग त्याला ते ऐकू आले.

महाराज पुन्हा शेंगांकडे वळले. त्यांनी एक शेंग उचलली, सोलली, दाणा तोंडात टाकला.

फाटक वाजले. झाडांना पाणी घालायची नळी हातात घेऊन, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला सुधन्वा बाहेर आला.

"अरे, पुरंदर! आई केव्हाची म्हणतेय, हा मुलगा रोज दाराशी येतो आणि चहा न घेता जातो. मी म्हटलं, फोनवर बोलायला थांबत असेल, कामाचा माणूस..." तेवढ्यात त्याचे लक्ष शेजारच्या आसनाकडे गेले. नळी हातातून गळाली आणि वाटेवर पाणी पसरले. "महाराज! आपण?"

रोज. यांना रोज दिसत होते तर. पुरंदरला धरणी दुभंगावी असे वाटले. आणि नवल असे, की त्याही क्षणी त्याच्या तोंडून निघाला तो एकच प्रश्न.

"सुधन्वा, तुझी एका टाकीत किती जाते?"

"कोण मोजतंय बाबा! लाल दिवा लागला की भरतो. का रे?"

पुरंदरचे डोळे पुन्हा पडद्याकडे गेले. सुधन्वाने त्याच्याकडे पाहिले, मांडीवर शेंगा घेऊन बसलेल्या गुरूकडे पाहिले, आणि दोघांमधला तो पेटता पडदा पाहिला. मग तो अगदी साधेपणाने म्हणाला,

"महाराज, यंदा पौर्णिमेला पादुका याच्या मोटारीतून न्या. त्याच्या फार मनात आहे. मी मागून येईन, सायकलवरही येईन."

पुरंदरला आनंद व्हायला हवा होता. ज्या मानासाठी तो वर्षभर पेटत होता, तो समोर आला होता. पण हिसकावून घ्यायचे म्हणून मनाशी धरलेले कुणी आपण होऊन ओंजळीत घातले, की हाताला चटका बसतो. देण्यातही हाच पुढे! पुरंदरच्या मनात आले, हे 'सायकलवरही येईन' आपल्याला का सुचत नाही? आणि लगेच त्याला वाटले, सुचले असते, तर ते याच्या आधी म्हणता आले असते.

महाराजांनी दार उघडले. टरफले बाहेर झटकली, उरलेल्या शेंगा उपरण्यासकट सुधन्वाच्या हातात दिल्या.

"आईला दे. कोवळ्या आहेत. आणि चहा टाकायला सांग, मी आलोय."

सुधन्वा आनंदाने आत धावला.

महाराज खाली उतरले. पसरलेल्या पाण्यातून पाय उचलून टाकत ते फाटकाकडे निघाले. मागे इंजिन तसेच गुरगुरत होते. पुरंदरने काच खाली केली.

"महाराज..."

ते थांबले.

"पौर्णिमेला मोटार आणू ना?"

"आण."

एवढे बोलून ते फाटकाशी पोहोचले. अडसरावर हात ठेवून त्यांनी गवतातल्या त्या दोन पट्ट्यांकडे क्षणभर पाहिले.

"इथून निघता आलं, तर आण."