पिल्लाची हाक

फार जुन्या काळातली गोष्ट सांगतो. इतक्या जुन्या, की तेव्हा आपलं राज्य केवढं हे राजाला ठाऊक नव्हतं आणि आपला राजा कोण हे प्रजेला. त्यावाचून दोघांचंही काही अडत नव्हतं. लहानांनी पुढं बसावं, मोठ्यांनी मागं बसावं, आणि मधेच "मग काय झालं?" म्हणून कोणी घाई करू नये. सांगतोय ना मी!

त्या राज्यात एका रुंद नदीच्या काठी एक गाव होतं. उन्हाळा आला की नदी आटून एका कडेला जायची आणि मोकळ्या पडलेल्या वाळूत गावकरी खरबुजं लावायचे. वेलांना पाणी घालायला बाया वाळूत खोल खड्डे खणायच्या, त्यांना झिरे म्हणत. फळं पिकली की वास पार डोंगरापर्यंत जायचा आणि डोंगरातून कोल्हे उतरायचे. 'कोल्हा काकडीला राजी' असं आपण म्हणतो खरं, पण समोर खरबूज असल्यावर काकडीकडे बघतोय कोण! त्यातून मेला एकच फळ धरून खाईल तर शपथ. ह्याला चाव, त्याला चाव, आणि सकाळी शेतकऱ्याच्या नशिबी सगळी चावलेली फळं.

म्हणून गावानं एक शिकारी ठेवला होता. त्याची बायको लवकर देवाघरी गेली होती. घरात तो आणि त्याची लेक आवडी, अशी दोघंच. लेकीला घरी कुणाजवळ ठेवणार? तिला तो शिकारीला घेऊन जायचा.

अहाहा, काय त्या पहाटा होत्या! आवडीला त्या जन्मभर पुरल्या. एका घोंगडीत दोघं बसायची. बाप चिमूटभर धूळ सोडून वारा कुठला ते बघायचा. मग कमरेची भाकर सोडायचा, कांदा गुडघ्यावर फोडायचा, आणि मोठा तुकडा लेकीला देऊन म्हणायचा, "चावताना आवाज करू नकोस. कोल्ह्याला आपल्याआधी आपला कांदा कळतो." त्यावर आवडीला हसू यायचं, आणि हसू दाबताना ठसका लागायचा. तिच्या ठसक्यानं किती कोल्हे वाचले असतील, देव जाणे. बाप रागवायचा नाही. "आज त्याचं नशीब जोरात होतं," एवढंच म्हणायचा.

हा शिकारी कोल्ह्याच्या मागं धावत नसे. तो कोल्ह्याला बोलावत असे. पिंपळाच्या पानाची पिपाणी करून ओठात धरायची आणि जखमी सशासारखं ओरडायचं. भुकेला कोल्हा त्या आवाजावर यायचा. पण कोल्हाच तो! सरळ कधी यायचा नाही. लांबून वळसा घालून वारं हुंगायचा, थांबायचा, पुन्हा हुंगायचा. मग बापाचा बाण सुटायचा. कधी लागायचा, कधी नाही. आवडी सशाची हाक शिकली, जाळ्यात अडकलेल्या तित्तिराची शिकली. एकदा मात्र बापानं निराळाच आवाज काढला.

त्याचं असं झालं होतं. गवत कापताना बायांनी चुकून कोल्हीचं बीळ उघडं पाडलं होतं आणि पिल्लं चहूकडे पांगली होती. बाप बांधावर बसला आणि हरवलेल्या पिल्लासारखा रडला. हुबेहूब! आवडीच्या अंगावर काटा आला. माणसाचं तान्हं लेकरूसुद्धा असंच रडतं. आणि काय सांगू, भर दिवसा, एवढी माणसं समोर असताना कोल्ही धावत आली. तिनं वारं घेतलं नाही की वळसा घातला नाही. एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन गेली. बापाचं धनुष्य खाली पडलेलं होतं, त्याला त्यानं हातसुद्धा लावला नाही.

बाया त्याला चिडवू लागल्या, "काय हो, तुम्ही शिकारी का सुईण?"

बाप हसला. घरी जाताना मात्र लेकीला म्हणाला, "पोरी, ही हाक शिकून ठेव, पण तिच्यावर शिकार करू नकोस. भुकेनं येईल त्याला मारावं, तो आपल्या पोटासाठी आला, आपणही पोटासाठी बसलो. मायेनं येईल तिच्यावर बाण धरू नये."

"का रे बा?"

"माझ्या बापानं मला एवढंच सांगितलं होतं. तू मोठी झालीस की का ते मला सांग."

दिवस गेले. आवडी मोठी झाली, बापाच्या तोडीची नेमबाज झाली. बापाची नजर मात्र अधू व्हायला लागली. नेमकी त्याच उन्हाळ्यात एक फाटक्या कानाची कोल्ही डोंगरातून उतरली. भारी बेरकी! सशाच्या हाकेला येईना, तित्तिराच्या हाकेला येईना. फडच्या फड चावून ठेवू लागली.

पाटील दारात येऊन म्हणाला, "म्हातारबा, आता पुरे झालं. परगावचे फासेवाले बोलावतो मी. तुम्ही आपले घरी बसा."

बाप म्हणाला, "थोडा दम धरा पाटील. भूक लागली की येईल."

त्यावर पाटलाचे दोन्ही मुलगे खो खो हसले. ते हसणं आवडीला सुईसारखं टोचलं. हिणवून घेण्यासारखा तिचा बाप नव्हता. आयुष्यभर ज्यानं गाव राखलं, त्याला असं घरी बसवायचं? तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि डोक्यात तिडीक गेली.

दुसऱ्या दिवशी बापाला ताप होता. आवडी एकटीच धनुष्य घेऊन निघाली. खरंखोटं बघायला पाटलाचे मुलगे पाठोपाठ गेले. उजाडताना तिनं सशाची हाक दिली. काही नाही. तित्तिराची दिली. काही नाही. मुलगे एकमेकांना कोपरानं ढोसू लागले. आवडीनं पान ओठावरून काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. बापाचा शब्द आठवला. आणि मग बापाच्याच तोंडावरची लाज आठवली.

ती पिल्लासारखी रडली.

फाटक्या कानाची कोल्ही लव्हाळ्यातून बाहेर पडली आणि बाणासारखी सरळ धावत आली. तिच्या तोंडावर भीती नव्हती, नुसती घाई होती. आवडीचा नेम चुकायचं कारणच नव्हतं.

गावात वाजतगाजत कोल्ही आणली. पाटलानं स्वतः दारात येऊन म्हाताऱ्याला नारळ दिला. "लेक असावी तर अशी," म्हणाला. माणसं पांगल्यावर बापानं लेकीला विचारलं, "तिनं वारं घेतलं होतं का गं?"

आवडी खाली बघत राहिली. बापाला उत्तर मिळालं. तो रागावला नाही, ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं आवडीला पुढं कितीदा वाटलं. ताप उतरल्यावर एका पहाटे तिनं घोंगडी काढली, भाकर बांधली आणि हाक मारली, "बा, चल, वारं चांगलं आहे."

बाप भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "तू जा पोरी."

त्यानंतर तो तिच्याबरोबर कधीच आला नाही. एकटीला घोंगडी मोठी व्हायची आणि भाकर उरायची. बापाची अब्रू राखायला गेली, आणि बापाबरोबरच्या पहाटाच घालवून बसली.

आता, पाटलाच्या मुलांनी ती हाक ऐकली होती ना! त्यांच्या पोटात कसली राहतेय. ते शिकले, त्यांचे मित्र शिकले. दोन-चार उन्हाळे गेले आणि गावातलं शेंबडं पोरसुद्धा पिपाणी लावून पिल्लासारखं रडायला लागलं. आधी पुष्कळ कोल्ह्या सापडल्या. मग त्या शहाण्या झाल्या आणि यायच्या थांबल्या. पोरांचं रडणं मात्र चालूच, खेळ म्हणून! पहिल्या पहिल्यांदा बाया दचकून धावायच्या, "अगंबाई, कोणाचं लेकरू?" जाऊन बघावं तर टवाळ पोरं फिदीफिदी हसताहेत. मग बाया नुसत्याच शिव्या घालू लागल्या. मग त्यांनी मान वर करायचंही सोडलं.

आवडीचं लग्न गावातच झालं. तिला मुलगा झाला, तो नुकता दुडूदुडू पळायला लागला होता. म्हातारा बाप तिच्याजवळच असायचा. एका दुपारी सगळं गाव खरबुजं तोडायला वाळूत उतरलं होतं. आवडीनं लेकराला मांडवात झोळीत निजवलं, म्हाताऱ्याला जवळच्या सावलीत बसवलं आणि ती बायांबरोबर फळं तोडू लागली.

लव्हाळ्याकडून रडणं ऐकू आलं.

"झालं का सुरू!" एक बाई म्हणाली.

"भर उन्हात कोल्ही बोलावताहेत कार्टी," आवडी म्हणाली. "आईबापांनी धाक म्हणून ठेवला नाही." आणि तिनं हातातलं खरबूज पाटीत टाकलं.

म्हातारा काठी टेकत उठला.

"कुठं निघालास बा?"

"कोणीतरी रडतंय."

"अरे, पोरं आहेत ती! रोजचंच आहे. ऊन किती आहे बघ."

"असतील पोरं. बघून येतो." म्हातारा चाचपडत, आवाजाच्या रोखानं चालत गेला. बाया हसल्या. आवडीही हसली, जराशी. थोड्या वेळानं रडणं थांबलं. "पाहिलंत? माझ्या बाला बघून पोरं पळाली," ती म्हणाली.

पाटी भरली तशी ती लेकराला पाजायला मांडवात आली. झोळी रिकामी होती.

पुढं ती कशी धावली ते तिला कधी सांगता आलं नाही. लव्हाळ्यापलीकडं एक सोडून दिलेला झिरा होता. त्याच्या काठावर म्हातारा पालथा पडला होता, दोन्ही हात खांद्यापर्यंत आत. खाली छातीपर्यंत वाळूत गाडलेलं तिचं लेकरू होतं. म्हाताऱ्यानं त्याची मनगटं धरून ठेवली होती. वरून वाळू ढासळत होती, आणि तो धापा टाकत नातवाला सशाची गोष्ट सांगत होता. कोणीतरी आलं होतं, म्हणून लेकराचं रडणं थांबलं होतं.

आवडी झिऱ्यात उतरली. हातांनी वाळू उपसून तिनं पोर बाहेर काढलं. तेव्हा कुठं म्हाताऱ्यानं मनगटं सोडली. त्याचे खांदे निखळले होते.

लेकराला उराशी धरून ती धाय मोकलून रडली. "बा, मी ऐकलं होतं रे. सगळ्यांच्या आधी मी ऐकलं होतं. माझंच पोर रडत होतं आणि मी खरबुजं तोडत होते!"

म्हातारा वाळूत उताणा पडून म्हणाला, "दोष तुझ्या कानांचा नाही पोरी. खरं रडणं कोणतं आणि खोटं कोणतं हे आता ह्या गावात कोणालाच कळत नाही. मला तरी कुठं कळलं? मी नुसता बघायला आलो."

म्हाताऱ्याचे हात पुन्हा वर झाले नाहीत. आवडीनं त्याला शेवटपर्यंत आपल्या हातानं घास भरवला. ती घरोघरी गेली, आईबापांच्या पाया पडली, आणि ती हाक बंद करवली. पोरांनीही पिपाण्या टाकल्या. पुढं गावात तसं खोटं कोणी रडलं नाही.

पण नदीकडून लेकराचं रडणं आलं की त्या गावच्या बाया धावायच्या आधी एकमेकींकडं बघायच्या. अगदी क्षणभरच. आवडी म्हातारी होऊन गेली, पाटलाची मुलं गेली, हे सगळं का झालं ते माहीत असलेलं कोणी उरलं नाही, तरी त्या गावच्या आयांचा तो एक क्षण काही गेला नाही.

म्हणून सांगतो: मायेच्या हाकेचं आमिष कधी करू नये, एकदा केलं की खऱ्या रडण्यालाही कोणी लगेच धावत येत नाही.