रुग्णवाहिकेतली पेटी

धर्मादाय दवाखान्याचे अध्यक्ष बापूसाहेब खानविलकर यांनी हौसेने रुग्णवाहिकेच्या ॲक्सिलरेटरला जोडायची एक नवी इलेक्ट्रॉनिक पेटी बसवून घेतली. आता ॲक्सिलरेटरवर पाय टेकताच गाडी झेप घेई.

चालक हनीफ मुकादम विश्वस्तांच्या बैठकीत बापूसाहेबांसमोर उभा राहिला. "साहेब, इंजिनाची ताकद तेवढीच आहे, नुसता हिसका वाढलाय. हाड मोडलेला पेशंट तो कसा सोसणार?"

"मला शिकवतोस?" बापूसाहेब कडाडले. "पेटी राहणार. नको असेल तर किल्ली ठेव आणि घरी जा!"

हनीफने किल्ली मुठीतच ठेवली. तो म्हणाला, "राहू दे पेटी. पण पहिला मान तुमचा. स्ट्रेचरवर आडवे व्हा, घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येऊ."

चारचौघांत नाही कसं म्हणणार? बापूसाहेब आडवे झाले. गाडीने झेप घेतली तसे ते पायाकडे घसरले. खड्ड्यापाशी ब्रेक लागला तसं डोकं दांडीवर आदळलं. तिसऱ्या हिसक्याला ते ओरडले, "अरे, पाय हळू ठेव!"

"पाय हळूच आहे, साहेब," हनीफ म्हणाला. "घाई पेटीला आहे, आणि तिला पेशंटचं ओरडणं ऐकू येत नाही."

बापूसाहेब डोकं चोळत उठून बसले. "थांबव गाडी. इथंच काढ ती पेटी."