साडेसात सेकंद

“…पण मग साडेसातच का? आठ का नाही?”

डेरिक रुमाव हे तिसऱ्यांदा विचारत होता.

इनासबाबा तुस्कानो अंगणात बसून केळीच्या सुकलेल्या सोपटांचे बंद काढत होते. पानवेली बांधायला लागतात. वय ब्याऐंशी, कंबर तेवढी कामातून गेलेली, पण बोटं अजून शाबूत. त्यांनी एक बंद ओढून पाहिला. तो तुटला. त्यांनी दुसरा घेतला.

“बाबा, तुम्ही तिथे होतात. त्या वेळचे सगळे गेले. आता तुमच्याशिवाय कुणाला विचारू?”

“चहा घेशील?” बाबांनी विचारलं.

डेरिकला चहा नको होता. तो पॅरिसहून आला होता ते चहासाठी नाही.

डेरिक मूळचा इथलाच, वसईतल्या नंदाखालचा. चर्चमध्ये व्हायोलिन शिकला, शिष्यवृत्तीवर फ्रान्सला गेला आणि गास्पार मोरवाँचा शेवटचा शिष्य झाला. हे तो पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. ‘शेवटचा’ हा शब्द जरा जपून उच्चारतो.

मोरवाँ फ्रेंच संगीतकार आणि ऑर्केस्ट्राचे संचालक. तीन वर्षांपूर्वी, नव्वदी गाठून वारले. तरुणपणी त्यांनी साऱ्या जुन्या संगीताला मूठमाती द्यायची भाषा केली होती, आणि म्हातारपणी त्याच जुन्या संगीतातल्या एकेका स्वरासाठी वादकांना तासन्‌तास बसवून ठेवलं. हातात छडी कधी धरली नाही. उघड्या हातांनी ऑर्केस्ट्रा चालवायचे. शंभर जणांत एकाचा स्वर केसभर घसरला तरी ते त्या माणसाकडे फक्त बघायचे. तेवढं त्याला महिनाभर पुरायचं.

त्यांनी स्वतः रचलेलं संगीत कानाला गोड लागत नाही, हे कबूल केलेलं बरं. इनासबाबांनी एकदा घरी रेकॉर्ड लावली, तर शेजारची मोनिकाबाय मांडणीवरची भांडी कोसळली समजून धावत आली होती. गावात ही गोष्ट अजून सांगतात. मोनिकाबाय सोडून सगळे सांगतात.

आणि हे इनासबाबा एके काळी जहाजावरच्या बँडमध्ये ढोल वाजवत फ्रान्सच्या मार्से बंदरात उतरले, ते परत चढलेच नाहीत. पुढची एकतीस वर्षं ते मोरवाँच्या ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत उभे होते. ढोल, झांजा, आणि मुख्य म्हणजे घंटा. निवृत्त होऊन गावी परतताना मोरवाँनी त्यांना त्यातली एक घंटा दिली. पितळेची लांब नळी, कमरेएवढी. ती अंगणातल्या जांभळीला टांगलेली होती. चामडं गुंडाळलेली लाकडी हातोडी शेजारीच खुंटीला.

डेरिक आल्यापासून त्या घंटेकडे बघत नव्हता. मुद्दाम बघत नव्हता.

मोरवाँची सर्वांत मोठी रचना घंटांची. तिच्या मध्यावर सगळी वाद्यं एकदम थांबतात. संचालकाचा हात वर जातो आणि वरच राहतो. काही वाजत नाही. मग एक घंटा वाजते आणि रचना पुढे जाते.

जगभरचे अभ्यासक त्या जागेला ‘मोरवाँची शांतता’ म्हणतात. मोरवाँच्या हातचं एकच ध्वनिमुद्रण आहे, पहिल्या कार्यक्रमाचं; त्यात ती साडेसात सेकंदांची आहे. तिच्यावर लेख झाले, भाषणं झाली. मोरवाँचे शिष्य घड्याळ लावून ती घोटतात. डेरिकने तर तिच्यावर दोनशे पानी प्रबंध लिहिला होता. दोनशे पानं, आणि ज्या जागेवर लिहिली तिथे एकही स्वर नाही.

पुढच्या महिन्यात मोरवाँच्या स्मरणार्थ पॅरिसला तीच रचना व्हायची होती. ऑर्केस्ट्रापुढे उभं राहण्याचा मान डेरिकला मिळाला होता. मान मिळाला होता आणि झोप गेली होती.

कारण त्याच्या शेवटच्या धड्यात काय झालं, ते त्याने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

ते त्याने आता सांगितलं. अंगणाकडे बघत, हळू आवाजात.

मोरवाँची दृष्टी तेव्हा जवळजवळ गेली होती. खुर्चीत बसून ते शिकवत. त्या दिवशी त्यांनी डेरिकला शेजारी उभं केलं, त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाले, शांततेची जागा दाखव. डेरिकने हात वर नेला, मनात साडेसात मोजले, हात खाली आणला. काटेकोर.

“नाही,” मोरवाँ म्हणाले.

पुन्हा केलं. पुन्हा नाही. सात वेळा केलं. सातही वेळा तीच दोन बोटं आणि तोच एक शब्द. मग नर्स औषध घेऊन आली. मोरवाँनी बोटं काढून घेतली.

“उद्या,” ते म्हणाले.

तो उद्या आला नाही.

“तीन वर्षं झाली बाबा. अजून मनगटावर ती बोटं आहेत.” डेरिकने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं. “एकदा ‘हो’ म्हणाले असते. एकदाच. त्यांचं बाकी सगळं मला मिळालं. पत्रं मिळाली, खोडाखोड केलेली पानं मिळाली. हे तेवढं राहिलं.”

इतरांची साडेसाती साडेसात वर्षांची असते. याची साडेसात सेकंदांची होती, आणि तीच सुटत नव्हती.

इनासबाबांनी सोपटं बाजूला ठेवली.

“तो पहिला कार्यक्रम गुरुवारी होता,” ते म्हणाले. “सकाळी तार आली. आई गेली.”

डेरिक वळला.

“मातीला पोचणं शक्य नव्हतं. जहाजाने तीन आठवडे लागायचे, विमानाचं नाव काढायची सोय नव्हती. कुणाला बोललो नाही. संध्याकाळी काळा कोट चढवला आणि जागेवर जाऊन उभा राहिलो.”

मग बाबांनी जे सांगितलं ते असं. घंटेआधी त्यांना एकशे त्रेचाळीस बार गप्प उभं राहून मोजायचे होते. चार ठोक्यांचा एक बार. मागच्या रांगेतल्या माणसाचं अर्धं आयुष्य असं मोजण्यात जातं. ते नेहमी फ्रेंचमध्ये मोजत, कारण आजूबाजूचे सगळे तसंच मोजत. त्या दिवशी साठाच्या पुढे कधीतरी मोजणी आपोआप मराठीत शिरली. लहानपणी आईने ओटीवर बसवून शिकवलेले आकडे. अडुसष्ट, एकोणसत्तर… आई नारळ सोलत बसायची आणि चुकलं की हातातल्या सोडणाने, सालीच्या तुकड्याने, पाठीत टोचायची.

“मोजता मोजता घरी पोचलो,” बाबा म्हणाले. “ओटीवरच. वाद्यं थांबली तेसुद्धा कळलं नाही.”

“म्हणजे…”

“म्हणजे घंटा माझी होती आणि मी तिथे नव्हतो.”

डेरिकने मनगट सोडलं.

त्या रचनेत शांतता नव्हतीच. हात वर जाताक्षणी घंटा वाजायची, असं त्या दिवशीच्या पानांवर लिहिलेलं होतं. हात वर गेला. घंटा झाली नाही. शंभर वादक श्वास धरून बसले, आणि ज्या माणसाला केसभर चूक खपत नसे त्याने हात तसाच वर ठेवला. डोळे वटारले नाहीत की दुसऱ्या कुणाला खूण केली नाही. पुढेही गेला नाही.

“मान वर केली तर तो हात दिसला. रिकामा, उघडा. दोन हजार माणसांसमोर तो तिथेच होता, आणि त्यात राग नव्हता. मग मी हातोडी उचलली.”

“साडेसात सेकंद,” डेरिक पुटपुटला.

“इतकेच?” बाबांना खरंच नवल वाटलं. “वसईहून परत यायला मला बराच वेळ लागला होता.”

डेरिक उठून उभा राहिला. त्याला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. ही चूक आहे, तो म्हणाला. निव्वळ चुकलेली मोजणी. एक अख्खी पिढी घड्याळं लावून एका माणसाची चूक घोटत बसली आहे आणि त्याने स्वतः तिच्यावर दोनशे पानं खरडली आहेत. मग मोरवाँनी ती दुरुस्त का नाही केली? सगळं तर खोडत होते.

“मीही तेच म्हटलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर माझ्या पानावर, घंटेच्या अलीकडे, त्यांनी पेन्सिलीने एक हात काढला होता. आकडा नाही, काही नाही. नुसता हात.”

“आणि दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमात तुम्ही चुकला नाहीत.”

“नाही. हातोडी उचलून तयार होतो. तरी ते थांबले.”

“किती?”

“कधी दोन, कधी अकरा. लियाँला एकदा इतके थांबले की पहिल्या रांगेतल्या बाईला वाटलं, म्हाताऱ्याला झटका आला.”

“कशावरून ठरवायचे?”

वाडीत पंप घरघरत होता.

“त्या रात्री तरी काही बोलले असतील,” डेरिक म्हणाला. आता त्याच्या आवाजात शेवटचा शिष्य नव्हता, नुसता शिष्य होता. “तुम्ही भेटलात ना नंतर?”

“मान खाली घालून त्यांच्या खोलीत गेलो. मला वाटलं, नोकरी गेली. ते बाह्या दुमडत होते. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘आलास?’”

“आणि?”

“आणि काही नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”



मग इनासबाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. खुंटीवरची हातोडी काढली आणि घंटेपाशी जाऊन उभे राहिले.

“हात वर कर,” ते म्हणाले.

डेरिकने हात वर केला. सवयीने मोजले. साडेसातला हात खाली आला, कोण्या मोठ्या सभागृहात यावा तसा डौलदार.

बाबांनी घंटा वाजवली नाही.

“पुन्हा.”

या वेळी तो शहाणा झाला होता. अकरा मोजले.

घंटा वाजली नाही.

“मोजत नव्हतो,” डेरिक म्हणाला.

बाबांनी त्याच्याकडे फक्त बघितलं. डेरिकनेच मान खाली घातली.

“पुन्हा,” बाबा म्हणाले.

डेरिकने तिसऱ्यांदा हात वर केला. बाबांनी घंटेकडे पाहिलं, मग वाडीकडे पाहिलं.

“पंप बंद करून येतो,” ते म्हणाले आणि हातोडी घेऊन वाडीत निघून गेले.

डेरिक अंगणात हात वर करून उभा राहिला.

आधी त्याला हसू आलं. मग खांदा दुखायला लागला. कुंपणापलीकडून मोनिकाबाय धुणं काढायला आली, त्याला तसा बघून थबकली आणि या घरात संगीताचं काय काय चालतं ते ठाऊक असल्यामुळे काही न विचारता आत गेली.

वाडी लांब होती. बाबांची कंबर अधू. पंप अजून चालूच होता.

त्याने मोजायला सुरुवात केली आणि कुठेतरी ती राहून गेली. त्याला ती खोली आठवली. खिडकीतली औषधाची बाटली, मनगटावरची दोन थंड बोटं. सातही वेळा तो घड्याळासाठी थांबला होता. ज्या माणसाची बोटं हातावर होती त्याच्यासाठी एकदाही थांबला नव्हता. ‘उद्या’ म्हणताना मोरवाँनी आपल्याकडे तोंड वळवलं होतं, दिसत नसताना, हे त्याला तीन वर्षांत पहिल्यांदाच आठवलं. त्याला ते फार हवेसे वाटले. ‘हो’ म्हणायला नव्हे, नुसते समोर असायला. त्याचे डोळे भरून आले आणि पुसायला दुसरा हात मोकळा असूनही त्याने ते पुसले नाहीत.

पंप थांबला.

केळींमधून म्हातारा येताना दिसला. दोन पावलं चालायचा, थांबायचा, कंबर धरायचा, पुन्हा दोन पावलं. हाक मारावी असं डेरिकला वाटलं नाही. यायला वेळ लागत होता आणि तो वेळ त्याला जड झाला नाही. उन्हं जांभळीच्या शेंड्यावर गेली होती. हात कधीचा बधिर झाला होता, पण वर होता.

इनासबाबा घंटेपाशी आले. दम घेतला. त्या हाताकडे, मग त्या चेहऱ्याकडे नीट बघितलं.

आणि हातोडी मारली.

नाद अंगणभर पसरला, विहिरीत उतरला, वाडीत गेला. तो पुरता विरेपर्यंत दोघंही हलले नाहीत. मग बाबांनी हातोडी खुंटीला अडकवली.

“आलास?” ते म्हणाले.