भिंतीचा नकाशा

"पण भिंत का नको, मास्तर? कारण तरी सांगा!"

अभिराम पेठकरचा आवाज चढला होता. पुण्याचा सुवर्णपदकविजेता वास्तुरचनाकार तो. त्याला 'का' विचारायची सवय नव्हती, सांगायची होती.

सोलापुरातली ही सूतगिरणी चौदा वर्षं बंद. एवढ्या काळात गावानं तिला काय दिलं? तीन भूमिपूजनं, ढीगभर आश्वासनं आणि कबुतरं! आता कुठं चाळीस विणकर कुटुंबांना तिथंच घर आणि तिथंच माग द्यायचं ठरलं होतं. तीन कुटुंबं आधीच येऊन राहिली होती. बाकीची नरसय्या मास्तरांच्या होकारावर अडून होती. मास्तरांनी अर्ध्या शहराला विणायला शिकवलेलं. ते नाही म्हणाले, तर जागा मंगल कार्यालयाला जाणार होती. कार्यालयवाल्यांचा आचारी जागा बघूनही गेला होता.

मास्तर अभिरामनं काढलेल्या नकाशावर बोट ठेवून बसले होते. प्रत्येक घराच्या मधोमध एक जाड रेघ होती. अलीकडे घर, पलीकडे माग.

"एवढी जाड?" मास्तर म्हणाले.

"आवाज अडायला. दिवसभर ही खटखट! माणसाला शांतता नको?"

"कुणाला नको?"

"लहान मुलांना तरी हवीच." अभिरामनं खिडकीकडे हात केला. तिथं मास्तरांची नातसून राजेश्वरी मागावर बसली होती. शेजारी पाळण्यात तिचं सहा महिन्यांचं पोर. "या गोंगाटात ते झोपतं कसं, मला कळत नाही."

"त्याला विचारलंत काय ओ?"

"मास्तर, चेष्टा नको."

मास्तरांनी नुसता हात वर केला. राजेश्वरीनं माग थांबवला.

शांतता...

पाळण्यातनं असा टाहो फुटला, की छपरावरची कबुतरं उडाली.

राजेश्वरी पदर तोंडाला लावून हसत होती. अभिराम पुढं झाला, तेव्हा त्याला दिसलं. पाळण्याची दोरी मागाच्या हलत्या दांडीला बांधली होती. आई एक ठोका मारी, पाळणा एक झोका घेई.

मास्तरांनी दोरी सोडली आणि त्याच्या हातात दिली.

"धरा. पोरीला चहा टाकू दे."

अभिरामनं दोरी ओढली. पोर जास्तच रडलं.

"असं नाही ओ साहेब!" चुलीपाशी गेलेली राजेश्वरी तिथूनच ओरडली. "आवाज कुठाय?"

"कसला आवाज?"

मास्तरांनी थांबलेल्या मागाकडे बोट दाखवलं. अभिरामनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग सुवर्णपदकविजेत्यानं घसा खाकरला.

"खटक्... खट. खटक्... खट."

पोराचं रडणं थबकलं. त्यानं दोनदा हुंदका दिला. डोळे जड झाले.

"खटक्... खट. मास्तर, नकाशा... खटक्... खट... संध्याकाळी द्यायचाय मला!"

"द्या की."

"मग भिंतीचं काय?"

एवढं विचारायला तो थांबला, तोच पोरानं ओठ काढले.

नरसय्या मास्तरांनी नकाशाची गुंडाळी करून त्याच्या काखेत खोचली.

"बांधा की ओ भिंत... फक्त तोंड थांबवू नका."