कुलगुरूंचं पेन

साथीच्या दिवसांतली गोष्ट. एका विद्यापीठात मुलींच्या वसतिगृहात तापाचे रुग्ण वाढत होते. शर्वरी नावाची मुलगी तर इस्पितळात ऑक्सिजनवर होती. पण विद्यापीठाची अब्रू जाईल म्हणून कुलगुरू डॉ. मोहोळकरांनी सगळ्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं.

तेजल गवारेनं ते ऐकलं नाही. तिनं मेसच्या दारावर कागद लावला : ‘वसतिगृहात साथ शिरली आहे. मास्क लावा. अंगात कणकण असेल तर लपवू नका.’

कुलगुरूंनी तिला बोलावून घेतलं आणि छापील माफीनामा पुढे सरकवला.

“घबराट पसरवतेस? वसतिगृहात साथबीथ काही नाही. कर सही, नाहीतर सामान बांध.”

“पेन नाही, सर.”

एरवी कुणाच्या हाती न पडणारं आपलं सोनेरी पेन त्यांनी दिलं. तेजलनं निमूट सही केली आणि पेन परत करताना म्हणाली, “शर्वरी माझ्याच खोलीत राहते, सर.”

कुलगुरूंचा पुढे आलेला हात झटकन मागे गेला. “राहू दे. तूच ठेव ते.”

“घ्या, सर. विलगीकरण पुरं करून, तपासणी करून आलेय मी. मला काही झालेलं नाही. हे आधी सांगितलं असतं, तर तुम्ही हात मागे घेतला नसता. आता तुम्हीच सांगा, घबराट सांगितल्यानं पसरते, की न सांगितल्यानं?”

मग कुलगुरूंनी पेन घेतलं आणि माफीनामा फाडला.

“तुझा तो कागद आण,” ते हळू आवाजात म्हणाले. “त्याच्याखाली माझी सही हवी.”